अधिवृक्क संप्रेरकं आणि उंदरांच्या मेंदूतली तणाव-पेप्टाइडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात तणावाची साखळी शिकवताना फळ्यावर एक बाण काढला जातो. तो मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीकडून मेंदूकडे जातो आणि त्याच्याशेजारी वजाचं, म्हणजे दाबण्याचं, चिन्ह असतं. मीही तो वर्षानुवर्षं तसाच काढला. बाण चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मेंदूच्या एका भागात वजा असलेलं संप्रेरक दुसऱ्या भागात अधिक असतं, आणि नेमकी हीच गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी, नव्याने प्रयोगशाळेत आलेले संशोधक आणि काही जिज्ञासू डॉक्टर जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अधिवृक्क ग्रंथीतून निघालेलं नेमकं काय मेंदूपर्यंत पोचतं?

उंदराची अधिवृक्क ग्रंथी जेमतेम मुगाच्या दाण्याएवढी असते. तिच्या गाभ्यातून ॲड्रेनलिन निघतं आणि सालीतून स्टेरॉइड संप्रेरकं. ॲड्रेनलिन रक्त-मेंदू अडथळा सहजी ओलांडत नाही. मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो तो मुख्यतः व्हेगस चेतेच्या वाटेने, म्हणजे आडमार्गाने. स्टेरॉइडं मात्र मेदात विरघळतात, त्यामुळे ती थेट चेतापेशीच्या आत शिरतात. म्हणून पेप्टाइडांच्या नियमनाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा सालीबद्दल, आणि त्यातही कॉर्टिकोस्टेरॉनबद्दल बोलत असतो.

कॉर्टिसॉल का नाही?

कारण रॅट (मोठा उंदीर) आणि माऊस (लहान उंदीर) यांच्या अधिवृक्क सालीत १७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज हे विकर नसतं आणि त्याच्याशिवाय कॉर्टिसॉल बनत नाही. गिनीपिग हाही कृंतकच, म्हणजे कुरतडणारा प्राणी, पण तो आपल्यासारखं कॉर्टिसॉल बनवतो. रॅटच्या रक्तात कॉर्टिसॉल मोजायचा किट मागवण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

‘तणाव-पेप्टाइड’ म्हणजे कोणती?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्यांत पहिला मान सीआरएचचा, म्हणजे कॉर्टिकोट्रोपिन सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचा. असा काही पदार्थ हायपोथॅलॅमसमध्ये असला पाहिजे हे १९५५ मध्येच दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं, पण तो हाती लागायला पुढे पाव शतक गेलं. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या साल्क संस्थेत वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांचे सुमारे ४ लाख ९० हजार हायपोथॅलॅमस जमवले, त्यांचा अर्क पुन्हा पुन्हा गाळला आणि १९८१ मध्ये ४१ अमिनो आम्लांची साखळी जाहीर केली. या आकड्यावर मी वर्गात नेहमी थांबतो. आज आपण ज्याचा अँटिबॉडीचा डबा कुरिअरने मागवतो, ते मिळवायला एवढे मेंदू लागले होते. पुढे रॅट आणि माणूस यांचा सीआरएच तंतोतंत सारखा निघाला. वेगळा आहे तो मेंढीचाच.

त्याच्या जोडीला ९ अमिनो आम्लांचं व्हॅसोप्रेसिन येतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतल्या पीओएमसी या मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच बनतं. एन्केफॅलिन आणि न्यूरोपेप्टाइड वाय यांनाही याच कुटुंबात धरतात, कारण तणाव आणि स्टेरॉइड दोन्हींच्या इशाऱ्यावर त्यांची पातळी हलते.

साखळी थोडक्यात सांगाल?

हायपोथॅलॅमसमध्ये, तिसऱ्या विवराला लागून दोन्ही बाजूंना पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रक आहे. पुढे त्याला पीव्हीएन म्हणू. त्यातल्या लहान पेशी सीआरएच आणि व्हॅसोप्रेसिन बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात सोडतात, ते पोष ग्रंथीच्या पुढच्या खंडात पोचतं, तिथून एसीटीएच रक्तात येतं आणि अधिवृक्क साल कॉर्टिकोस्टेरॉन बनवू लागते. एसीटीएच काही मिनिटांतच चढतं. कॉर्टिकोस्टेरॉनचं शिखर त्यानंतर, साधारण १५ ते ३० मिनिटांत येतं. मग हेच कॉर्टिकोस्टेरॉन मागे फिरून पीव्हीएन आणि पोष ग्रंथी यांना दाबतं. यालाच पुढे लगाम म्हटलं आहे.

ग्रंथी काढून टाकली तर मेंदूत काय दिसतं?

या क्षेत्रातलं बहुतेक ज्ञान याच एका शस्त्रक्रियेवर उभं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढल्या की कॉर्टिकोस्टेरॉनचा लगाम सुटतो. काही दिवसांत पीव्हीएनच्या लहान पेशींमध्ये सीआरएचचा एमआरएनए (ज्यावरून पेप्टाइड बनतं ती जनुकाची नक्कल) वाढतो, पोष ग्रंथीत पीओएमसीचा एमआरएनए वाढतो आणि रक्तात एसीटीएच भरपूर दिसतं. पण १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात खरी खळबळ उडाली ती आणखी एका निरीक्षणाने. एरवी ज्या सीआरएच पेशींत व्हॅसोप्रेसिन जेमतेम दिसतं, त्याच पेशी ग्रंथी काढल्यावर व्हॅसोप्रेसिनने ठळक रंगू लागल्या. एक पेशी म्हणजे एक संदेशद्रव्य, अशी जी समजूत होती तिला हा मोठा धक्का होता. पेशीच्या भात्यात दोन्ही बाण असतात. त्यातला कोणता किती ताणायचा हे रक्तातलं स्टेरॉइड ठरवतं.

हा लगाम थेट पीव्हीएनवर असतो की दुसरीकडून येतो? १९८६-८७ च्या सुमारास बुडापेस्ट आणि साल्क इथल्या गटांनी स्टेरॉइडचा बारीक कण मेंदूत पीव्हीएनच्या शेजारीच ठेवून पाहिला. ग्रंथी काढूनही तिथली वाढ दबली. म्हणजे स्टेरॉइड तिथल्या तिथेही काम करतं. मोठ्या पेशींची गोष्ट निराळी. त्यांचं व्हॅसोप्रेसिन पोष ग्रंथीच्या मागच्या खंडात जातं, पाण्याचा समतोल सांभाळतं आणि या लगामाला फारशी दाद देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूची चकती बघताना या दोन प्रकारच्या पेशींची गल्लत झाली तर सगळा निष्कर्ष फसतो.

अशा उंदरांना मिठाचं पाणी का देतात?

ग्रंथीबरोबर ॲल्डोस्टेरॉनही जातं आणि मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू शकत नाही. पिण्याला ०.९ टक्के मिठाचं पाणी ठेवलं नाही तर उंदीर दगावतात. रॅटमध्ये मुख्य ग्रंथीबाहेर सालीच्या ऊतीचे छोटे ठिपकेही असू शकतात. ते कालांतराने कॉर्टिकोस्टेरॉन बनवू लागतात, म्हणून प्रयोगाच्या शेवटी प्रत्येक उंदराच्या रक्तात ते मोजून बघा आणि जिथे सापडेल तो उंदीर गटातून वगळा. शस्त्रक्रिया किती सफाईने केली यावर विसंबू नका.

मग ‘कॉर्टिकोस्टेरॉन सीआरएच कमी करतं’ एवढं लक्षात ठेवलं तर चालेल?

नाही, आणि हे पान मी मुख्यतः या एका उत्तरासाठी लिहिलं आहे.

सीआरएच फक्त पीव्हीएनमध्ये नसतं. ॲमिग्डाला या मेंदूच्या भागाच्या मध्य केंद्रकातही सीआरएच पेशींचा दाट पुंजका आहे, आणि त्याचा सांधा जोडला आहे भीतीशी, सावधपणाशी, येऊ घातलेल्या धोक्याच्या चाहुलीशी. लॅरी स्वॉन्सन आणि डोना सिमन्स यांनी १९८९ मध्ये ग्रंथी काढलेल्या रॅटना कॉर्टिकोस्टेरॉनच्या वेगवेगळ्या मात्रा दिल्या आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांत एमआरएनए मोजला. पीव्हीएनमध्ये स्टेरॉइड वाढलं तसा सीआरएच उतरला. ॲमिग्डालात मात्र तो चढला. १९९४ मध्ये शिन्या माकिनो, फिलिप गोल्ड आणि जे शुल्किन यांनी ग्रंथी शाबूत असलेल्या रॅटना काही दिवस कॉर्टिकोस्टेरॉन देऊन तसंच चित्र दाखवलं : पीव्हीएनमध्ये घट, ॲमिग्डालात वाढ.

संप्रेरक तेच, जनुक तेच, पेशीतला ग्राही, म्हणजे संप्रेरकाला धरणारं प्रथिन, तेही तेच. तरी परिणाम उलटा. हे कसं? ग्राही एकटा काही करत नाही. डीएनएवर बसताना तो सोबत्यांना घेऊन बसतो आणि कोणत्या पेशीत कोणते सोबती हजर आहेत त्यावर जनुक उघडायचं की मिटायचं हे ठरतं. अशा सोबत्यांपैकी एक एसआरसी-१. हे प्रथिन नसलेल्या माइसमध्ये सीआरएचवरचं स्टेरॉइडचं नियंत्रण ढिलं पडतं, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. शिवाय पीव्हीएन आणि ॲमिग्डाला यांना येणारे चेतातंतूही वेगवेगळे. ग्रंथीने निरोप एकच पाठवला, पण तो ज्या घरी पोचला त्या घराच्या रीतीप्रमाणे वाचला गेला.

आणि याला अर्थही आहे. पीव्हीएनचं काम संप्रेरकांचा नळ सोडणं, तो वेळेवर बंद झालाच पाहिजे, नाहीतर शरीर झिजेल. पण मांजराच्या तावडीतून सुटलेल्या उंदराने पुढचे काही दिवस कानोसा घेत राहणं त्याच्या हिताचं आहे. नळ बंद आणि पहारा चालू, या दोन्ही गोष्टी एकच संप्रेरक साधतं.

मेंदूतले दोन स्टेरॉइड ग्राही कोणते?

१९६८ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवेन यांनी किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचून ते मेंदूत कुठे रेंगाळतं ते पाहिलं. ते सापडलं हिप्पोकॅम्पसमध्ये, स्मृतीच्या घरात. तोवर हायपोथॅलॅमसपलीकडे कोणी फारसं बघत नव्हतं. १९८५ मध्ये हान्स रॉइल आणि रॉन डी क्लोएट यांनी दाखवलं की ग्राही दोन प्रकारचे आहेत. मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे एमआर, कॉर्टिकोस्टेरॉनला सुमारे दहापट घट्ट धरतो, त्यामुळे निवांत उंदरातही तो बराचसा भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे जीआर, भरतो तो पातळी चढल्यावरच, तणावात किंवा दिवसाच्या शिखराच्या वेळी.

यातून प्रयोगात एक सापळा तयार होतो. अनेक जण कॉर्टिकोस्टेरॉनऐवजी डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड वापरतात. ते जीआरला घट्ट चिकटतं, पण रक्त-मेंदू अडथळ्यावरचा एक पंप त्याला बाहेर फेकत राहतो. थोड्या मात्रेत ते पोष ग्रंथी गप्प करतं, आणि त्याच वेळी रक्तातलं स्वतःचं कॉर्टिकोस्टेरॉन घटल्यामुळे मेंदू मात्र स्टेरॉइडविना राहू शकतो. आपल्याला वाटतं स्टेरॉइड वाढवलं, प्रत्यक्षात मेंदूसाठी कमी केलेलं असतं.

परिणाम दिसायला किती वेळ लागतो?

तो एका चालीने येत नाही. पहिला काही मिनिटांतच येतो. २००३ मध्ये जेफ्री टास्कर यांच्या गटाने रॅटच्या मेंदूच्या जिवंत चकत्यांत दाखवलं की ग्लुकोकॉर्टिकॉइड मिळताच पीव्हीएनच्या पेशी एन्डोकॅनाबिनॉइड ही संदेशद्रव्यं सोडतात, आणि ती मागे जाऊन त्या पेशींकडे येणारा उत्तेजक संदेशच मंद करतात. जनुकांचं काम त्यानंतर, तासांच्या हिशेबात. पेप्टाइडांचा वेगही सारखा नसतो. इथरच्या तणावानंतर सीआरएचचा ताजा, अजून न कातरलेला आरएनए पहिल्या अर्ध्या तासात शिखर गाठतो, तर व्हॅसोप्रेसिनचा साधारण दोन तासांनी. म्हणून ‘तणावानंतर एका तासाने मेंदू काढला’ असं प्रबंधात वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, एकच तास का?

तोच तणाव रोज दिला तर?

उंदीर सरावतो. रोज त्याच नळीत कोंडलं तर काही दिवसांत कॉर्टिकोस्टेरॉनची उसळी कमी होते. पण नवा तणाव आला तर प्रतिसाद शाबूत असतो, कधी पहिल्यापेक्षा जोरदारही. यात व्हॅसोप्रेसिनचा वाटा वाढतो. वारंवार तणावात सीआरएच पेशींच्या टोकांत त्याचा साठा जास्त होत जातो.

याच संदर्भात आपल्याकडचं एक काम आवर्जून सांगतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी आणि निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले शंकरनारायण राव यांच्यासह एका गटाने २००२ मध्ये दाखवलं की रोज दोन तास, दहा दिवस जखडून ठेवलेल्या रॅटमध्ये हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि ॲमिग्डालातल्या मात्र वाढतात. पेप्टाइडांच्या बाबतीत वर जे पाहिलं तेच इथे पेशीच्या आकारात दिसतं. दोन भाग, दोन दिशा. याच गटाने २०१२ मध्ये आणखी गुंतागुंतीची गोष्ट मांडली : एकदाच झालेल्या तीव्र तणावाच्या वेळी कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं असेल, तर ॲमिग्डालावर उशिरा उमटणारे परिणाम टळतात. स्टेरॉइडला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांनी हे वाचावं.

साखरेने तणाव उतरतो, हे उंदरांत खरंच दिसलं आहे का?

सॅन फ्रान्सिस्कोत मेरी डॉलमन यांच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये ग्रंथी काढलेल्या रॅटना साखरेचं पाणी हवं तेवढं पिऊ दिलं. कॉर्टिकोस्टेरॉन नसतानाही त्यांच्या पीव्हीएनमधला वाढलेला सीआरएच एमआरएनए खाली आला. शरीराला ऊर्जा मिळते आहे ही खबरही लगामाचं काम करते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण त्याने स्टेरॉइड आणि चयापचय यांची गाठ पेप्टाइडाच्या पातळीवर घालून दिली. त्यावरून गुलाबजामाचा सल्ला मात्र निघत नाही.

इतर पेप्टाइडांचं काय?

इथे बाण पुन्हा फिरतो. ग्रंथी काढल्यावर मेंदूच्या स्ट्रायटम या भागात एन्केफॅलिनचा एमआरएनए घटतो आणि स्टेरॉइड परत दिल्यावर सावरतो. हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकातलं न्यूरोपेप्टाइड वायही स्टेरॉइडच्या आधारावर उभं असतं, आणि ते भूक वाढवतं. जनुकीय दोषामुळे लठ्ठ झालेल्या माइसमध्ये अधिवृक्क ग्रंथी काढली की लठ्ठपणा ओसरतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. पीओएमसीची गंमत आणखी वेगळी. पोष ग्रंथीच्या पुढच्या खंडात स्टेरॉइड त्याला दाबतं, पण लगतच्या मधल्या खंडात त्याचा लगाम मुख्यतः डोपामिनच्या हाती असतो.

पिल्लांतही हेच चालतं का?

रॅटच्या पिल्लांत जन्मानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत कॉर्टिकोस्टेरॉनचा प्रतिसाद अगदी थंड असतो. आईचं चाटणं आणि दूध यांनी तो थंड राहतो. पिल्लांना आईपासून बराच वेळ दूर ठेवलं की तो जागा होतो. माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की ज्यांना आईने जास्त चाटलं, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणी जीआर जास्त आणि हायपोथॅलॅमसमध्ये सीआरएचचा एमआरएनए कमी असतो. पहिल्या दहा दिवसांतली माया लगामाची ताकद ठरवते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळाही बालवयातल्या तणावाचा कृंतकांच्या मेंदूवर होणारा दीर्घ परिणाम अभ्यासते, हे इथल्या विद्यार्थ्यांना माहीत असावं.

प्रयोगात आकडे इतके का विखुरतात?

बहुतेक वेळा दोष घड्याळात असतो. उंदीर निशाचर. त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडायच्या सुमारास शिखरावर असतं आणि सकाळी तळाला. त्यावर साधारण तासा-तासाने येणारे छोटे ठोकेही असतात. अर्धे उंदीर सकाळी आणि अर्धे जेवणानंतर घेतले तर तुम्ही तणाव मोजलाच नाही, वेळ मोजली. पिंजरा दुसऱ्या खोलीत नेणं हाही तणाव, आणि शेजारच्या उंदराला आधी उचलून नेणं हाही. मादीत कॉर्टिकोस्टेरॉनचा प्रतिसाद नरापेक्षा मोठा असतो. जुन्या प्रयोगांपैकी बरेचसे नरांवरच झाले, हे वाचताना ध्यानात ठेवा.

रंगवलेल्या चकत्यांबद्दलही एक सांगतो. पेशीत पेप्टाइड जास्त दिसलं याचा अर्थ ते जास्त बनलं असा होत नाही. ते सोडलं गेलं नाही म्हणूनही साठतं. पूर्वी पेप्टाइड पेशीत अडकून ठळक दिसावं म्हणून कोल्चिसिन हे रसायन टोचत, आणि कोल्चिसिन हाच मेंदूला जबर तणाव आहे.

हे माणसाला कितपत लागू?

लगामाचं तत्त्व पूर्ण लागू. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी बरेच आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की आपल्याही मेंदूतलं सीआरएच आणि पोष ग्रंथीतलं एसीटीएच दबतं, अधिवृक्क साल आळसावते. अशी गोळी स्वतःच्या मनाने अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची असते. उलट टोकाला ॲडिसनचा आजार. लंडनमध्ये थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अधिवृक्क साल नष्ट होते, लगाम सुटतो, पीओएमसीचे तुकडे रक्तात वाढतात आणि त्वचा काळवंडते. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक कारण अजूनही आहे.

औषधांची कथा मला विशेष बोलकी वाटते. सीआरएचचा ग्राही अडवणारी औषधं नैराश्य आणि चिंतेवर चालतील अशी मोठी आशा उंदरांवरच्या प्रयोगांनी निर्माण केली होती. रुग्णांवरच्या चाचण्यांत ती बहुतांशी फोल ठरली. पण त्याच जातीचं क्रिनेसरफॉन्ट हे औषध डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं ते जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीसाठी, जिथे दुखणं नेमकं पोष ग्रंथीच्या सुटलेल्या लगामाचं आहे.

उंदरांवर हे सारं करणं योग्य आहे का?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. भारतात प्राणी-प्रयोगांवर १९६० च्या कायद्याखाली नेमलेली राष्ट्रीय समिती देखरेख करते. पूर्वी ती सीपीसीएसईए म्हणून ओळखली जाई, आता सीसीएसईए. प्रत्येक संस्थेची नैतिकता समिती प्रस्ताव तपासते. पण कागदावरची मंजुरी पुरेशी नाही. भूल, वेदनाशामक आणि शस्त्रक्रियेनंतरची ऊब यांत हयगय झाली की उंदराला यातना होतात आणि तुमचा ‘तणाव नसलेला’ गटही तणावग्रस्त होतो. उंदराला नीट वागवणं इथे प्रयोगाच्या खरेपणाचाच भाग आहे.

छोटा प्रकल्प करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

नव्याने उंदीर मागवू नका. विभागात आधीच्या कोणाच्या मंजूर प्रयोगातले गोठवलेले मेंदू बहुधा असतात. त्यातल्या एकाच उंदराच्या पीव्हीएनच्या आणि ॲमिग्डालाच्या चकत्या एकाच दिवशी, एकाच रसायनात रंगवा आणि दोन्हींतला सीआरएच शेजारी शेजारी मोजा. जवळजवळ एकाच उंचीवर कापलेल्या चकत्यांत दोन्ही केंद्रकं सापडू शकतात, फक्त काप घेताना हात स्थिर हवा.